नादारी

काही शब्द असे असतात, की ते उच्चारताना मान आपोआप खाली जाते. 'नादारी' हा त्यांपैकीच एक. फारसीतून आपल्याकडे आलेल्या या शब्दाचा अर्थ 'जवळ काही नसणे' एवढाच. पण आमच्या विद्यार्थिदशेत फी माफ होण्याला हेच नाव होते. विद्येच्या दारातून आत जावयाचे, तर आपण रिकाम्या हाताचे आहोत हे आधी लिहून द्यावे लागे.

परवा या शब्दाची आठवण झाली ती आमच्या आळीच्या तोंडाशी इस्त्रीचे दुकान चालविणाऱ्या गृहस्थांमुळे. त्यांच्या कन्येस अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ या वर्षापासून आर्थिक दुर्बल व इतर मागास वर्गांतील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्णपणे माफ केले आहे. मुलगी अर्ज भरावयास उतावीळ झालेली. पण तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला आणावयास वडील काही हलेनात. मी कपडे आणावयास गेलो असता ते म्हणाले, "काका, आजवर कुणापुढे हात पसरला नाही. आता सरकारपुढे पसरायचा?"

अशा वेळी माझ्यासारखा मनुष्य दुसरे काय करणार? मी इतिहास सांगू लागलो.

पेशवाईत दर श्रावणात पुण्याच्या रमण्यात विद्वानांना दक्षिणा वाटली जाई. घेणाऱ्यास त्याचे उत्पन्न कोणी विचारीत नसे. विद्या विचारीत, आणि जातही विचारीत, कारण ती ब्राह्मणांपुरतीच होती. इंग्रजी अंमलात त्याच दक्षिणेच्या पैशातून १८२१ मध्ये पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली, आणि पुढे महाविद्यालयांतून दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. पैसा सरकारी खजिन्यातलाच. पण त्याचे नाव दक्षिणा असल्यामुळे तो ताठ मानेने घेता येई. नादारीचा पैसाही त्याच तिजोरीतला. फरक काय तो नावाचा!

पुढे मी बडोद्यास वळलो. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या सरकारने भीमराव आंबेडकर या तरुणास अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकावयास तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. १९१७ मध्ये ते बडोद्यास नोकरीवर गेलेही. पण अस्पृश्य म्हणून त्या नगरीत त्यांना राहावयास हक्काचे छप्पर मिळेना. ती दहा वर्षे कधीच पुरी झाली नाहीत. मग ते ऋण बुडाले काय? १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, आणि त्यांच्या आग्रहाने १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ती आजही चालू आहे. ज्याचे घ्यावे त्यालाच परत करावे, हा सावकारी हिशेब झाला. विद्येचे ऋण पुढे येणाऱ्याला फेडावयाचे असते.

माझे हे व्याख्यान त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग सदऱ्याची बाही सरळ करीत ते एवढेच म्हणाले, "ती मोठी माणसं, काका."

मी गप्प झालो. इतिहासाच्या आड आपण किती सोयीस्करपणे लपतो! साठांहून अधिक वर्षे कोणासही न सांगितलेली गोष्ट मी त्या दिवशी प्रथम बोललो.

१९५९ मध्ये यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांसाठी फीमाफीची योजना निघाली. लोक तिला 'ईबीसी' म्हणत. १९६२ मध्ये मी महाविद्यालयात गेलो, तेव्हा उत्पन्नाची मर्यादा वर्षाला बाराशे रुपयांची होती. माझे वडील एका किराणा दुकानात दिवाणजी होते. लोकांच्या हजारोंचा जमाखर्च लिहिणाऱ्या त्या हाताला स्वतःचे उत्पन्न लिहावयास फार जड गेले असावे. पण दाखला त्यांनी मिळविला, आणि धुतलेला कोट घालून तो द्यावयास ते स्वतः महाविद्यालयात आले. मी मित्रांच्या घोळक्यात उभा होतो. कोणी तरी विचारले, "फी भरलीस का रे?" मी ऐटीत म्हणालो, "वडिलांनी केव्हाच मनिऑर्डर केली!"

मान वळविली, तो वडील चार हातांवर उभे! हातातील पाकीट त्यांनी सावकाश कोटाच्या खिशात घातले आणि ते खांबाआड जाऊन उभे राहिले. मित्र पांगेपर्यंत तेथेच थांबले.

"मग काय म्हणाले?" इस्त्री बाजूस ठेवून गृहस्थांनी विचारले.

"काही नाही. पाकीट माझ्या हाती देऊन म्हणाले, खिडकी बंद व्हायच्या आत दे."

दुकानात थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मुलगी आतल्या बाजूस कपड्यांच्या घड्या घालीत होती. तिचे हात थांबले होते. वडिलांनी तिच्याकडे एकवार पाहिले आणि मला विचारले, "काका, ती कचेरी किती वाजता उघडते?"

वेळ मी सांगितली. घरी येताना मात्र मनात येत होते, की उत्पन्नाच्या त्या दाखल्यात लाजिरवाणे असे काहीच नव्हते. लाजिरवाणी होती ती माझी मनिऑर्डर. वडील त्या दिवशी मागावयास आले नव्हते. मुलाला दारापर्यंत पोहोचवावयास आले होते. खिडकी बंद होण्याच्या आत मी पाकीट दिले खरे. पण खांबाआडच्या त्या माणसाची क्षमा मागावयाची राहिली ती राहिलीच.