घारीचा एक दिवस

यंदाच्या संक्रांतीला आमच्या जळगावच्या घराच्या गच्चीवर घार येऊन पडली. पतंगाचा नायलॉन मांजा डाव्या पंखाला गुंडाळलेला, टोक केबलच्या तारेत अडकलेले. शेजारच्या मावशी खालूनच ओरडल्या, "घरावर घार पडणं वाईट हो, लिंबू-मिरची उतरवून टाका!" दरवर्षी समाजमंदिरात अंधश्रद्धेवर भाषण देणारे आम्ही, पण खरे सांगायचे तर हात पुढे करायची हिंमत आमचीही होईना. भीती वाटते चोचीची, खरा मार असतो नख्यांचा.

शेवटी जाड टॉवेल तिच्या अंगावर टाकला. डोळे झाकताच ती शांत झाली. आम्ही एका हाताने पंख अंगाशी दाबले, दुसऱ्याने दोन्ही पाय धरले आणि सौ.ने कात्रीने एकेक वेढा कापला. मांजा ओढायचा नसतो, पिसांबरोबर कातडी सोलते. एवढा मोठा पक्षी, वजन किलोभरही नसेल! छाती मात्र आमच्या हाताखाली धडधडत होती.

चोचीत पाणी ओतू नये, श्वासनलिकेत जाते. भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवून वन विभागाला फोन केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे असा पक्षी घरी पाळता येत नाही. सकाळी वनरक्षक आले. त्यांच्यासोबत गुरांच्या दवाखान्यात गेलो. हाड शाबूत होते, कातडीला चीर पडली होती. मलम लागले, कोंबडीचे तुकडे चिमट्याने भरवले. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत पंख नीट पसरला तर सोडून द्या.

दुपारभर आई खोक्याजवळ बसून होती. तिचे माहेर धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले. घारीला पाहून तिला गिधाडे आठवली. गावात बैल मेला की आमच्या आजोबांना निरोप यायचा. ते दोर घेऊन ओढत न्यायचे आणि बाभळींवर गिधाडे आधीच येऊन बसलेली असायची. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मृतमांस सोडायला सांगितले होते, पण आजोबांनी दोर टाकला तो १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर. मग गावाने दळण बंद केले, किराणा बंद केला. आई तेव्हा लहान होती. तिला दोन दिवस भिजवलेल्या डाळीवर काढल्याचे आठवते.

"आते कोठे ग्यात त्या गिधाडे?" तिने विचारले. आम्ही सांगितले. गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक टोचायचे. ते जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले की त्याची किडनी निकामी व्हायची. हे कारण २००४ साली उघड झाले, २००६ साली गुरांसाठी ते औषध बंद झाले. तोवर बहुतेक गिधाडे संपली होती. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यास्लेबी आमनासारखं अपशकुनी म्हणेत."

सौ.ने मुलाला 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' मधली देवदत्ताच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्ष्याची गोष्ट वाचायला सांगितली. चिरंजीवांनी वाचली, पण मान वर करेनात. मग पलंगाखालून स्वतःची चक्री आणून ठेवली. मांजा तोच, हिरवा, नायलॉनचा. आम्ही कधी पाहिलेच नव्हते. पैसे मात्र आमच्याच खिशातले!

पाच वाजता वनरक्षकांबरोबर मेहरूण तलावावर गेलो. खोके उघडले. ती काठावर बसून राहिली. आमच्या पोटात गोळा. मग एकदम पंख पसरून पाण्यावरून खालून खालून गेली, पुढे उंच झाली आणि वर फिरणाऱ्या घारींत मिसळली. कोणती आमची, ते ओळखता येईना. चिरंजीव म्हणाले, "ती डावीकडची."

परतताना त्याला दुकान विचारले. त्याने नाव सांगितले आणि आम्ही स्कूटर थांबवली. दर पौर्णिमेला विहारात खीर देणारे आमचेच बांधव! उद्या सकाळी त्यांच्याकडे जायचे आहे. काय बोलावे, ते अजून ठरलेले नाही.