आधी ओल, मग गोंद

पार्केच्या दुकानात गिऱ्हाईक तासन्‌तास लाकडाचा रंग निरखत बसतं. गोंदाचा विषय निघतो तो बिल करताना. आईच्या खोलीत सागवानी पार्के करायचं ठरलं, तेव्हा मी गोंदापासूनच सुरुवात केली. ओळखीच्या एका घरातली अशीच फरशी पहिल्या पावसाळ्यात उचकटलेली मी पाहिली होती. लाकूड तिथंही उत्तम प्रतीचं होतं.

आमचं घर पुण्यात, तळमजल्यावर. खोलीत जुनी शहाबादी. थंडीत तिचा गारठा थेट आईच्या गुडघ्यांत उतरायचा. शहाबादी उखडून 5 सेंटिमीटरचा कोबा घातला. थोड्याच दिवसांत तो वरून पांढुरका दिसायला लागला आणि ठेकेदार म्हणाला, "ताई, खडखडीत वाळलाय. उद्या माल टाकू?"

कोबा वरून वाळला म्हणजे आतून वाळला असं होत नाही. पहिल्या 4 सेंटिमीटरपर्यंत दर सेंटिमीटरला साधारण एक आठवडा, त्यापुढच्या प्रत्येक सेंटिमीटरला त्याच्या दुप्पट, असा ढोबळ हिशेब धरतात. तोही खोलीत वारं खेळत असेल तर. मी दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिक कोब्यावर अंथरलं, चारही कडा टेपनं घट्ट चिकटवल्या आणि ते रात्रभर, निदान 16 तास तरी, तसंच राहू दिलं. सकाळी उचललं तर आतल्या बाजूला बारीक थेंब जमलेले आणि खालचा सिमेंटचा चौकोन आजूबाजूपेक्षा गडद. ठेकेदारानंही वाकून बोट फिरवून पाहिलं आणि तो गप्प झाला.

पुढे परिचयातल्या एका सिव्हिल इंजिनिअरनं कार्बाइडची बाटली आणली. ही चाचणी इमारतीच्या कामात रुजली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. कोब्याच्या खालच्या थरातून छिन्नीनं खडे काढायचे, कुटायचे, मोजून पोलादी बाटलीत घालायचे. सोबत पोलादी गोळ्या आणि कॅल्शियम कार्बाइडची काचेची कुपी. झाकण लावून बाटली जोरात हलवली की कुपी फुटते, कार्बाइडची कोब्यातल्या पाण्याशी रासायनिक क्रिया होते, ॲसिटिलिन वायू तयार होतो आणि त्याच्या दाबावरून वरच्या घड्याळावर ओल किती ते कळतं. सिमेंटच्या कोब्यावर लाकूड चिकटवायचं तर हा आकडा 2 टक्क्यांच्या वर असू नये. आमचा होता, म्हणून थांबलो. शिवाय तळमजला असल्यानं जमिनीतली ओल पुढेही वर येत राहणार. म्हणून कोबा वाळल्यावर त्यावर ओल अडवणाऱ्या इपॉक्सी प्रायमरचे दोन हात मारले. दुसरा हात ओला असतानाच त्यावर कोरडी बारीक वाळू भुरभुरली, म्हणजे गोंदाला धरायला खडबडीत पृष्ठभाग मिळतो.

आता गोंद. आमच्या मिस्त्रींचा भरवसा पांढऱ्या गोंदावर. कपाटाच्या, खुर्चीच्या सांध्यांसाठी तो रास्तच आहे. पण त्यात भरपूर पाणी असतं. 8 मिलिमीटर जाडीचा ठोकळा ते पाणी खालून पितो, खालची बाजू फुगते आणि कडा वर उचलल्या जातात. शिवाय कोब्यावर इपॉक्सीचा थर दिल्यावर त्या पाण्याला खाली मुरायला वाटही राहत नाही. रबरी सोल्युशनचा वास डोक्यात जातो आणि ठोकळा एकदा टेकला की सरकवता येत नाही. इपॉक्सी गोंद ताकदीला सगळ्यांच्या वर, पण तो दगडासारखा ताठ. पुण्याची हवा एप्रिलमध्ये कोरडीठाक आणि जुलैत चिंब. लाकूड आडव्या अंगानं फुगणार आणि आकसणारच. गोंदानं तसूभरही हलू दिलं नाही, तर त्याचा ताण लाकडावर नाहीतर कोब्यावर पडतो.

राहिले दोन लवचीक गोंद. पॉलियुरेथेन आणि एमएस पॉलिमर. दोन्हींत पाणी नाही. एका डब्यातलं पॉलियुरेथेन हवेतल्या बाष्पावर घट्ट होतं. मात्र खाली ओल असली तर त्याला फेस येतो. त्यात आयसोसायनेट असतं, म्हणून हातमोजे आणि उघड्या खिडक्या हव्यातच. एमएस पॉलिमरमध्ये ते नसतं. आई शेजारच्याच खोलीत झोपणार होती, म्हणून जास्त पैसे मोजून मी एमएस पॉलिमर घेतलं.

सागवानाचं एक वेगळंच आहे. ते तेलकट. लावण्याआधी प्रत्येक ठोकळ्याची पाठ ॲसिटोननं पुसली, तेव्हा पांढरं फडकं पिवळसर तपकिरी होत गेलं. ते तेल गोंद आणि लाकूड यांच्या मध्ये राहू द्यायचं नाही.

काम सुरू झालं ते खोलीच्या मध्यावर लाइनदोरी मारून. मिस्त्रींनी दातेरी थापी तिरपी धरून गोंद ओढला की मागे सारख्या उंचीच्या रेघा उठायच्या. अर्ध्या तासात झाकून होईल एवढाच गोंद पसरायचा, हा नियम त्यांनी काटेकोर पाळला. ठोकळा ठेवायचा, किंचित सरकवून दाबायचा, रबरी हातोडीनं हलकेच ठोकायचा. मधूनच ते एखादा बसवलेला ठोकळा मुद्दाम उपटायचे आणि मला उलटा करून दाखवायचे: रेघा चेपून पाठभर गोंद लागलेला हवा. कोपरा कोरडा दिसला की तिथं पुन्हा थापी. भिंतीकडेनं पाचरी लावून 10 मिलिमीटर जागा मोकळी सोडली. ती नंतर स्कर्टिंगखाली झाकली गेली. वर उमाळलेला गोंद तिथल्या तिथे पुसला, कारण वाळल्यावर तो खरवडूनच काढावा लागतो. घासाई, पॉलिश हे सगळं गोंद पुरता घट्ट झाल्यावर.

तुमच्याकडे अशी फरशी होणार असेल तर लाकूड हवं ते निवडा. पण गोंदाचा डबा घेण्याआधी कोब्यावर प्लास्टिकचा तुकडा चिकटवून एक रात्र थांबा. खाली थेंब दिसले तर ठेकेदाराला निःसंकोच सांगा, काम आत्ता सुरू होणार नाही.