राखणदाराचा जोडधंदा

पंगतीत कुणाला ठसका लागला की निम्मी पंगत डॉक्टर होते. एक जण पाठीत धपके घालतो, दुसरा टाळूवर थापट्या मारतो, तिसरा पाण्याचं भांडं ओठांशी नेतो आणि सगळे मिळून सांगतात, "वर बघ, वर बघ!" बिचारा खोकणारा यातलं काहीच मागत नसतो. वाट चुकलेलं शीत किंवा मठ्ठ्याचा थेंब त्याचं शरीर वाऱ्याच्या एका झोतानं बाहेर फेकू पाहत असतं. खोकता येतंय तोवर माणसाला सुखानं खोकू द्यावं. घाबरायचं ते खोकला फुटेनासा झाला, तोंडातून आवाजच निघेनासा झाला म्हणजे. तेव्हा मात्र क्षणाचाही उशीर नको.

घशाची रचनाच अशी की वाट चुकायचीच. नाकातून येणारी हवा मागून उतरते आणि तिला जायचं असतं पुढच्या नळीत. घास पुढून येतो, त्याला जायचं असतं मागच्या नळीत. दोघांच्या वाटा घशात एकमेकींना छेदतात. आपण खाल्लेला-प्यायलेला प्रत्येक कण श्वासनलिकेच्या तोंडावरून जातो आणि फुप्फुसात पडायचा धोका पत्करतो, या विचित्र गोष्टीची नोंद डार्विननंही १८५९ सालच्या आपल्या पुस्तकात करून ठेवली आहे.

घाटीवर हलकेच बोट ठेवून आवंढा गिळून पाहा. बोटाखालचं सगळं प्रकरण झपकन वर चढतं आणि पुन्हा खाली येतं. तेवढ्यात आत केवढी तरी धांदल उडालेली असते. जीभ घास मागे लोटते. मऊ टाळू पडजिभेसकट वर उचलला जातो आणि नाकाची वाट बंद करतो (ऐन घोटाला हसू आलं तर चहा नाकातून का येतो, ते यावरून कळावं). स्वरयंत्र वर आणि पुढे सरकून जिभेच्या बुडाशी दडतं, त्याच्यावरची झडप कलते, स्वरतंतू एकमेकांना घट्ट भिडतात, श्वास थांबतो आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. घास पुढे गेला की श्वास पुन्हा सुरू. घशातला हा सगळा कारभार सेकंदाभरात उरकतो. दिवसातून शेकडो वेळा, झोपेतसुद्धा अधूनमधून.

म्हणजे ज्यांना आपण कौतुकानं स्वरतंतू म्हणतो, ते मुळात राखणदार. हवेवर श्वास घेणाऱ्या माशांमध्येही फुप्फुसाच्या तोंडाशी अशी झडप असते, आणि ते मासे काही यमन गात नाहीत. धान्याचं पोतं उचलताना आपण छातीत हवा कोंडतो, तीही याच दाराआड. गाणं हा त्यांचा नंतरचा जोडधंदा. पण काय धंदा! जेमतेम दोन सेंटिमीटरच्या या पट्ट्या साध्या बोलण्यात पुरुषाच्या घशात सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा थरथरतात, बाईच्या घशात दोनशेच्या आसपास, आणि तार सप्तकात तर विचारूच नका.

या पट्ट्या जिवंत माणसाच्या घशात, आवाज निघत असताना, नीट पाहिल्या त्या एका गायनमास्तरानं. मॅन्युएल गार्सिया त्याचं नाव. १८५४ साली पॅरिसमध्ये त्यानं लांब दांड्याचा, दातांच्या डॉक्टरांसाठी केलेला छोटा आरसा विकत घेतला, गरम पाण्यात बुडवून पुसला, पडजिभेला टेकवला आणि दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन पाडलं. स्वतःचाच घसा त्याला उघडा दिसला. मला त्याची दुसरी गोष्ट जास्त आवडते. १८४१ साली जेनी लिंड ही स्वीडिश गायिका गाऊन गाऊन थकलेला आवाज घेऊन त्याच्याकडे आली, तेव्हा यानं तिला आधी काही आठवडे गप्प बसवलं. मग शिकवलं.

आपल्याला गप्प बसणं जमत नाही. घसा बसला की आपण ज्येष्ठमध चघळतो, मिठाच्या गुळण्या करतो आणि दिवसभर कुजबुजत बोलतो. त्या कुजबुजण्यानंही घशाला ताण पडू शकतो, हे कुणी लक्षात घेत नाही. आवाजाचा घोगरेपणा तीन आठवडे हटला नाही तर मात्र काढे पुरे करून डॉक्टर गाठावा. डाव्या स्वरतंतूकडे जाणारी नस थेट छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला वळसा घालते आणि परत घशाकडे चढते. त्यामुळे दुखणं छातीत आणि बोभाटा घशात, असंही होतं.

राखणदाराची खरी किंमत कळते ती म्हातारपणी, नाहीतर पक्षाघातानंतर. दार वेळेवर लागेनासं होतं. अशा वेळी भाकरीचा तुकडा अवघड जाईल असं वाटतं. तो जातोच, पण अनेकांना त्याहून अवघड जातं ते साधं पाणी. ते पातळ, घाईचं, झडप मिटायच्या आत घुसणारं. कधी तर खोकलाही न येता फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया घेऊन येतं.

पक्षाघातानंतर माझ्या काकांना गिळायला शिकवायला स्पीच थेरपिस्ट आली, तेव्हा काकू गोंधळल्या. "अहो, यांचं बोलणं ठीक आहे की! जरा जास्तच आहे." त्या मुलीनं हसून काकांची हनुवटी छातीकडे झुकवली, चहात दाटपणा आणणारी पावडर ढवळली आणि चमचा पुढे केला. काकांनी तो घोट सावकाश गिळला, ठसका लागला नाही. मग कपाकडे पाहत ते म्हणाले, "खीर बरी आहे. आता चहा आणा."