मिस्त्री म्हणाले, घ्या

गाडीची वाढीव वॉरंटी घेणाऱ्यांना मी बरीच वर्षं मनातल्या मनात हसत आले. विमा कायद्याने लागतो म्हणून काढायचा. त्यापुढचं सगळं म्हणजे शोरूममध्ये भिडेखातर केलेली सही, असं माझं पक्कं मत होतं. ते मी चारचौघांत ठासून सांगायचे. सोसायटीतल्या काहींनी माझं ऐकून वॉरंटीला नकारही दिला. आता माझ्याच नव्या गाडीच्या कप्प्यात त्या वाढीव वॉरंटीची पुस्तिका आहे आणि ही मंडळी मला लिफ्टमध्ये गाठून जाब विचारतात. लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबते, तेवढ्या वेळात उत्तर देता येत नाही.

जुन्या मताची बाजू आधी मांडते, कारण ते मत उगाच तयार झालं नव्हतं. वसईत राहणाऱ्याला गाडी बिघडण्याची फारशी धास्ती नसते. गोखिवरे, वालीव, सातिवली हा सगळा पट्टा कारखान्यांचा. लेथवाला, वेल्डिंगवाला, रेडिएटर झाळून देणारा, जुने स्पेअर पार्ट विकणारा, सगळे जवळ. हायवेला लागलं की ट्रकवाल्यांसाठी रात्री उशिरापर्यंत उघडी असलेली गॅरेजं. आणि या सगळ्यांच्या वर आमचे मिस्त्री. त्यांना मी दादा म्हणते, ते मला ताई म्हणतात. गाडीतून कसलाही आवाज आला की त्यांना फोन करायचा. "ताई, बॉनेट उघडा, रेस द्या आणि फोन इंजिनाजवळ धरा." चार सेकंद ऐकून ते सांगत, बेल्ट गेलाय की नुसती हीट शिल्ड सैल झाली आहे. बिल मिळायचं ते कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे. वॉरंटी तोंडी: "काही वाटलं तर घेऊन या." आणि घेऊन गेलं की खरोखर पुन्हा फुकट करून द्यायचे. छापील अटींच्या पुस्तिकेपेक्षा हे मला कितीतरी भक्कम वाटायचं.

शिवाय गणित माझ्या बाजूने होतं. वॉरंटी विकणारा सगळ्यांकडून पैसे घेतो, थोड्यांना परत देतो आणि मधले ठेवतो. सगळ्या घेणाऱ्यांचा हिशेब एकत्र केला तर घेणारा तोट्यातच असणार, नाहीतर विकणारा विकेल कशाला? हे गणित मला आजही बरोबर वाटतं. फक्त सरासरी परवडते ती कंपनीला, तिच्याकडे लाखो गाड्या असतात. माझ्याकडे एक आहे.

मतामधली पहिली फट जुलै २०१८ ची. ९ आणि १० जुलैला वसई-विरारमध्ये जे पाणी भरलं ते इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली, लोकल बंद, वडोदरा एक्स्प्रेसच्या अडकलेल्या प्रवाशांना एनडीआरएफने बाहेर काढलं, वसईच्या मिठागरातली माणसं वेढली गेली. आमच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या सीटपर्यंत पाणी होतं. माझी जुनी गाडी नेमकी रॅम्पच्या वरच्या बाजूला होती, त्यात माझी हुशारी काही नव्हती. पुढचा आठवडाभर टो करणाऱ्या गाड्यांची रांग लागली आणि सर्व्हेअर वह्या घेऊन फिरू लागले. त्या आठवड्यात मी आयुष्यात पहिल्यांदा विम्याची पॉलिसी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. स्वतःची नाही, शेजाऱ्यांची. दाव्याचे अर्ज भरून द्यायला बसले होते.

ज्यांच्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा होता त्यांचा विषयच नव्हता. सर्वसमावेशक पॉलिसीत पूर येतो, पण त्यात मेख आहे. पाणी हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये शिरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. अशा वेळी किल्ली फिरवली की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग विमा कंपनी म्हणते, पाणी पुराने घातलं हे मान्य, इंजिन मात्र तुम्ही चालू करून मोडलंत. ते परिणामी नुकसान, पॉलिसीबाहेरचं. आमच्या विंगमधल्या एकांनी गाडी उंचावर नेण्यासाठी स्टार्टर मारला होता, त्यांच्या इंजिनाचा दावा फेटाळला गेला. शेजारच्यांनी गाडीला हातही लावला नव्हता, त्यांचा पास झाला. पास झालेल्यातूनही घसारा कापला: रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरीवर ५० टक्के, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. हे सगळं पॉलिसीत छापलेलं असतं. फेटाळलेल्या दाव्यावर विमा लोकपालांकडे जाता येतं, तिथे फी नाही आणि वकील लागत नाही, हेही मला तेव्हाच कळलं.

त्या वर्षापासून मी इंजिन संरक्षणाची जोड घेऊ लागले. पण वाढीव वॉरंटीबद्दलचं मत तसूभर हललं नाही. पाऊस माझ्या हातात नाही, त्याचा विमा काढावा. गाडीच्या पोटात काय बिघडतं ते बघायला दादा आहेत, अशी मी वाटणी करून टाकली.

दादांनीच ती वाटणी मोडली. नवी गाडी घेतली, पायाला क्लच नसलेली, कारण ठाण्याला नोकरीसाठी घोडबंदर रस्त्याने जायचं आणि त्या कोंडीत डावा गुडघा कुरकुरायला लागला होता. शोरूममधल्या मुलाने वाढीव वॉरंटीचा कागद पुढे केला. मी सवयीने नाही म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी दाखवायला दादांकडे गेले. पेढे दिले आणि वॉरंटी कशी नाकारली तेही ऐटीत सांगितलं. त्यांनी बॉनेट उघडलं, थोडा वेळ बघितलं, हात न लावता बंद केलं.

"ताई, घ्या ती. अजून मुदत असेल तर घ्या."

मला ते गमतीने बोलताहेत असं वाटलं. ते गमतीत नव्हते. १ एप्रिल २०२० पासून देशभर प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले, तेव्हापासून इंजिनाचा कारभार पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त सेन्सर आणि ईसीयू नावाच्या संगणकाच्या हाती गेला, हे त्यांनी मला उभ्या उभ्या समजावलं. माझ्या गाडीत क्लच आहेच, फक्त तो दाबायला पायाऐवजी अ‍ॅक्च्युएटर आहे. तो गेला तर नुसता बदलून चालत नाही, कंपनीच्या सॉफ्टवेअरने त्याची ओळख गिअरबॉक्सशी करून द्यावी लागते. दादांकडे स्कॅनर आहे. तो बिघाडाचा कोड सांगतो. पुढचं दार त्याला उघडत नाही. "पूर्वी मी पार्ट खोलून बघायचो," ते म्हणाले, "आता कोड बघतो आणि गिऱ्हाईक कंपनीत पाठवतो. त्याचे पैसे तरी काय घेऊ?"

मी हार मानणारी नाही. मी त्यांना भारतीय स्पर्धा आयोगाचा निकाल सांगितला. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला होता, तो याच कारणासाठी: अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगाने बजावलं. पुढे अपिलं झाली. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. दादांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ऑर्डर चांगली आहे ताई. पासवर्ड कोण देणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच संध्याकाळी मी कागद घेऊन बसले, आणि आपण इतकी वर्षं न वाचताच हसत होतो हे लक्षात आलं. तीन वेगवेगळी कवचं आहेत आणि लोक, मीसुद्धा, त्यांना एकच समजतात. विमा अपघात, पूर, चोरी, आग यांचा. आपोआप झालेला यांत्रिक किंवा विद्युत बिघाड त्यात येत नाही, हे पॉलिसीत साफ लिहिलेलं असतं. रस्त्यावरची मदत म्हणजे आरएसए; ती येते, पंक्चर काढते, बॅटरीला जंप देते, नाहीतर ठरावीक अंतरातल्या गॅरेजपर्यंत ओढून नेते. दुरुस्तीचं बिल तिचं नाही. वॉरंटी पार्ट आणि मजुरीचे पैसे भरते, पण पार्ट स्वतःच्या दोषाने गेला असेल तर. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, टायर हे झिजणारच, ते बाहेर. इंग्लंडात वाटेतल्या मदतीच्या वार्षिक सभासदत्वाला जोडूनच पार्ट आणि गॅरेजचं बिल ठरावीक मर्यादेपर्यंत भरून देणारं कवच घेता येतं. आपल्याकडे ते तुकड्यातुकड्यांनी स्वतः जुळवावं लागतं. बाकी कल्पना आपल्यालाही नवी नाही. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन शंभर वर्षांहून अधिक काळ आहे.

घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुखच्या चढावर रात्री अ‍ॅक्च्युएटर गेला असं धरून मी तिन्ही कागद तपासले. विमा हात वर करतो. साध्या पॉलिसीत टोइंगचे म्हणून १,५०० रुपये असतात, तेही अपघात झाला असेल तर. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतक्रमांक फिरवला की क्रेन येते आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेते. महामार्गाच्या दहिसर ते अच्छाड पट्ट्यात व्हाइट टॉपिंगच्या, म्हणजे डांबरावर काँक्रीट ओतण्याच्या, काळात एक बंद गाडी केवढी कोंडी करते हे ज्यांनी भोगलंय त्यांना त्या क्रेनची किंमत कळते. पण घोडबंदर रस्ता त्या सोयीत नाही. तिथे लागणार आरएसए गाडी हलवायला आणि वॉरंटी बिल भरायला. एकाशिवाय दुसरं अर्धंच.

उंदरांचं प्रकरण वेगळंच. आमच्या पार्किंगमधले उंदीर वायरिंग कुरतडतात आणि नव्या गाडीच्या वायरी त्यांना विशेष आवडतात. वॉरंटी म्हणते, हा गाडीचा दोष नाही, उंदराचा आहे. विमा कधी देतो, कधी नाही, शब्दरचना बघावी लागते. बाहेरून सीएनजी किट बसवलं तर वॉरंटी अडचणीत येते. इथे पंपावरच्या रांगा बघता अर्धं शहर सीएनजीवर असेल, आणि कंपनीचं किट व बाहेरचं किट यांतला हा फरक पैसे भरताना कुणी सांगत नाही. स्टेशन रोडच्या दुकानात वायर कापून मोठा हॉर्न बसवणाऱ्यांचंही तेच.

मी वॉरंटी घेतली. विमा कंपनीची आरएसए मात्र काढून टाकली, कारण गाडीच्या कंपनीची होतीच. एका कामाचे दोनदा पैसे का द्यायचे? जव्हारला वारंवार जाणाऱ्याने हे करण्याआधी ओढून नेण्याची किलोमीटरची मर्यादा बघावी. तिथून वसईपर्यंतचं अंतर बऱ्याच योजनांत बसत नाही.

आता जे मला सांगायला आवडत नाही ते. वॉरंटीची खरी किंमत पावतीवरची नसते. ती टिकवायची तर प्रत्येक सर्व्हिस वेळेवर आणि अधिकृत केंद्रातच करा, असं पुस्तिका म्हणते. आयोगाचं म्हणणं वेगळं असलं तरी दाव्याच्या टेबलावर त्यावरून भांडायची माझी तयारी नाही. म्हणजे वर्षानुवर्षं तिथली मजुरी, तिथलं ऑइल, तिथली न मागितलेली इंजेक्टर सफाई. आणि ज्या माणसाने फोनवरून आवाज ओळखला, त्याच्याकडे जाणं बंद. मी हे दादांना बोलून दाखवलं. "वॉरंटी संपली की या," ते म्हणाले, "तोवर नवा स्कॅनर घेतो." नवऱ्याच्या स्कूटरचं काम त्यांच्याकडेच आहे, पण त्याने माझं समाधान होत नाही.

लिफ्टमधल्या मंडळींना म्हणूनच माझं सरसकट "घ्या" नाही. मारुतीने जुलै २०२४ मध्ये मूळ वॉरंटीच दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरवरून तीन वर्षं किंवा १,००,००० किलोमीटरवर नेली आणि वाढीव सहा वर्षं किंवा १,६०,००० पर्यंत मिळते. यात वर्षं आणि किलोमीटर यांतलं जे आधी संपेल ते धरतात. माझ्यासारख्या रोज ठाण्याला गाडीने जाणाऱ्याचा काटा भराभर पळतो, पार्ट लवकर थकतात; त्याने घ्यावी. गिअर हाताने टाकायची साधी गाडी, रोजचा प्रवास विरार लोकलने आणि गाडी रविवारी अर्नाळ्यापुरती, अशांना मी अजूनही जुनंच सांगते: पैसे बँकेत ठेवा, इंजिन संरक्षणाची जोड पावसाआधी घ्या आणि पार्किंगमध्ये पाणी दिसलं तर किल्लीला हात लावू नका.

शोरूमच्या त्याच कागदावर खाली टेफ्लॉन कोटिंग आणि गाडीच्या तळाला लावायचा कसलासा लेपही होता. त्याबाबत माझं मत बदललेलं नाही.