दिवसांची बणीम

माघ सरता सरता सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीच्या शिवारात ज्वारी उभी कमी आणि आडवी जास्त दिसू लागते. ताटं उपटून ओळीनं पसरलेली, कणसं मोडून खळ्याकडे गेलेली आणि मागं उरलेल्या धाटांच्या पेंढ्या रानभर बसलेल्या. पेंढी बांधायला सुतळी लागत नाही. ज्वारीचीच दोन-चार चिवट ताटं पिळून आळा होतो. पेंढीवर गुडघा रोवून तो आवळायचा आणि टोक आत खुपसायचं. सुगी भरघोस असली की शेकड्यामागून शेकडा मोजताना जीभ दमते, आणि त्याच वेळी भाव खाली बसतो. वैरण उदंड झाली की स्वस्त होते, स्वस्त झाली की तिची आबाळ होते. बाजाराचाच नियम म्हणून आपण हे सोडून देतो. पण इथं भावाआधी मापच चुकतं. कडबा शेकड्यानं विकला जातो, रुपयांत गणला जातो. त्याचं खरं माप मात्र दिवसांचं आहे.

हिशेब बोटांवर होण्यासारखा आहे. पाऊस आणि थंडी जुळून आलेल्या वर्षी मध्यम जमिनीतली मालदांडी ज्वारी हेक्टरी सहा टनांच्या आसपास कडबा देते. मोठ्या जनावराला दिवसाकाठी पाच-सहा किलो सुकी वैरण धरली, तर एका हेक्टरातून एका जनावराचे हजार दिवस निघतात. आता हाच हिशेब दुष्काळाच्या टोकाकडून पाहावा. २०१९ च्या उन्हाळ्यात सोलापूर जिल्ह्यात चारा छावण्या उभ्या राहिल्या, तेव्हा मोठ्या जनावरामागे सरकारी दर वाढत वाढत दिवसाला १०० रुपयांवर गेला. त्यात हिरवा चारा, पेंड, पाणी सगळं आलं हे खरं. म्हणून कडब्याचा वाटा एक तृतीयांशच धरू. तरीही त्या हजार दिवसांचे तेहतीस हजारांवर रुपये होतात. सुगीत जो ढीग वाटेत अडचण वाटतो, तो चुकीच्या महिन्यात उभा असलेला ऐवज असतो.

कडबा म्हणजे दाण्यामागून उरलेला पालापाचोळा, ही समजूत शेतकऱ्यानं कधीच मानली नाही. मालदांडीची ३५-१ ही निवड याच जिल्ह्यात, मोहोळच्या संशोधन केंद्रात, १९३० च्या दशकात झाली. त्यानंतर जास्त दाणा देणारी वाणं आली, कागदावर सरस ठरली. तरी ज्वारीच्या या मुलखातून मालदांडी हटली नाही. भाकरीची चव हे त्याचं एक कारण, आणि गव्हाणीतली चव हे दुसरं. हस्ताच्या आगेमागे पेरलेलं हे पीक काळ्या रानाच्या पोटातल्या ओलीवर वाढतं, आणि ओल पुरली तर दाण्याइतकंच धाटातही उतरतं. बी निवडताना घरच्या माणसांइतकंच दावणीच्या जनावरांचंही मत विचारात घेतलं गेलं, असाच याचा अर्थ.

मात्र दिवस नुसते पिकवून भागत नाही, ते टिकवावे लागतात. दुधनी कर्नाटकाच्या ऐन सीमेवरचं गाव. सोलापूरहून कलबुर्गीकडे जाणाऱ्या रेल्वेवर, मराठी आणि कानडी एकाच वाक्यात बोलणारं. कडब्याच्या गंजीला इकडे बणीम म्हणतात, कानडीत बणिवे. खाली दगड किंवा बाभळीच्या फांद्या, म्हणजे वाळवी आणि ओल वर चढत नाही. बुडखे बाहेर, शेंडे आत. वर निमुळती उतरण, म्हणजे पाणी आत न मुरता ओघळतं. रचणारा हात कच्चा असला तर अवकाळीच्या एका सरीत आतून काळी बुरशी धरते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात पेला गावच्या गॅरी व्हर्मिअर यांनी १९७१ साली गवताचे मोठे गोल गठ्ठे बांधणारं यंत्र तयार केलं, त्यामागचा विचारही याच जातीचा होता: एका माणसानं बांधावं, आणि गोलाईवरून पाऊस निथळून जावा. आपल्याकडे त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७२ ला, मोठा दुष्काळ पडला. आता उसाच्या पाचटाचे आणि भाताच्या पेंढ्याचे गठ्ठे यंत्रावर होऊ लागलेत. कडबा बहुतेक हातानंच बांधला जातो. गठ्ठा असो वा बणीम, उत्पन्न ठरतं ते रचाई संपल्यावर.

यावर पहिला आक्षेप पैशाचा, आणि तो रास्त आहे. फाल्गुनात मजुरी द्यायची असते, उधारी फेडायची असते. पुढच्या दुष्काळासाठी आज कोण थांबेल? एकट्या छोट्या शेतकऱ्यावर हे ओझं टाकणं अन्यायाचंच. पण गोदामात ठेवलेल्या तुरीवर तारण कर्ज मिळतं, मग नीट रचलेल्या बणिमीवर का मिळू नये? आग लागेल म्हणून नको म्हणाल, तर विमा आहे. एका मोठ्या ढिगाऐवजी अंतर सोडून रचलेल्या चार बणिमी आहेत. दुसरा आक्षेप असा की कडब्यात कस कमी, दूध मुरघासावर वाढतं. खरंच आहे, नुसत्या कडब्यावर दुभतं जनावर तगेल, पण भरभरून दूध देणार नाही. मात्र मुरघासाला हिरवा मका लागतो आणि मक्याला पाणी. पाणी आटलेल्या वर्षी प्रश्न दुधाच्या वाढीचा राहत नाही, दावण रिकामी होऊ न देण्याचा असतो. कुट्टी करून घातला तर बुडखेही वाया जात नाहीत. तिसरा आक्षेप सगळ्यांत बोचरा: मजूर मिळत नाही, आणि कापणी-मळणी यंत्र उभ्या पिकात शिरलं की पेंढी बांधण्याजोगं काही उरत नाही. याला उत्तर जुन्या कष्टांचे गोडवे गाणं हे नव्हे. दाण्याबरोबर धाटही शाबूत ठेवणारं यंत्र मागणं, हे आहे. मागणी नीट करायची, तर आधी धाटाची किंमत दिवसांत मांडता आली पाहिजे.

म्हणून सुकाळाची खूण पेंढ्यांच्या आकड्यात शोधू नये. नव्या कडब्याचा रंग पिवळसर, कोवळ्या उन्हासारखा असतो; पावसाळा काढलेली बणीम वरून करडी पडते, आतली पेंढी ओढली की मात्र अजून सुकी निघते. ज्या बांधावर करडी बणीम शिल्लक असताना शेजारी पिवळी रचायला घेतात, तिथं त्या वर्षी खरोखर पिकलं.