गुलाबी घराची किंमत

बोस्टनहून न्यूयॉर्ककडे जाणारी आगगाडी न्यू लंडन नावाच्या गावी थांबते. २०१४ च्या उन्हाळ्यात मी तिथे उतरणार म्हटल्यावर भाचा हसला. "मामा, तिथं बघण्यासारखं काय आहे? लोक तिथं बोटीत बसतात आणि पुढं जातात."

"एक रिकामी जागा बघायची आहे," मी म्हणालो. मामांचे आता वय झाले, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिले. पण बिचारा बरोबर आला.

गाव नावाला जागणारे आहे. नदीचे नावसुद्धा थेम्सच! लंडनकर तिला 'टेम्स' म्हणतात. इथले लोक मात्र लिहितात तसेच बोलतात. नदीकाठी फोर्ट ट्रम्बुल हा ग्रॅनाइटचा जुना किल्ला आहे. त्याच्या शेजारी साध्यासुध्या माणसांची वस्ती होती. १९९७ मध्ये सुझेट केलो या बाईंनी तिथे ५३,५०० डॉलरना एक छोटेसे घर घेतले, डागडुजी केली, गुलाबी रंग दिला. खिडकीतून पाणी दिसे.

पुढच्याच वर्षी फायझर या औषध कंपनीने शेजारी मोठे संशोधनकेंद्र बांधायचे जाहीर केले आणि त्याच्याभोवती हॉटेल, कचेऱ्या, नवी घरे उठवायचे नगरपालिकेच्या मनाने घेतले. बहुतेकांनी आपली घरे विकली. ज्यांनी नकार दिला त्यांच्यावर २००० च्या नोव्हेंबरात सक्तीच्या संपादनाचे कागद आले. नऊ मालक १५ मिळकतींसाठी कोर्टात गेले. त्यांत एक आजीबाई होत्या. १९१८ साली ज्या घरात जन्मल्या, त्याच घरात राहत होत्या. २३ जून २००५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी नगरपालिकेच्या बाजूने कौल दिला.

तिथली राज्यघटना म्हणते, 'न्याय्य मोबदला' द्या. न्याय्य म्हणजे बाजारभाव. राजीखुशीने विकणारा आणि राजीखुशीने घेणारा ठरवतील ती रक्कम. इथेच माझे घोडे अडते. आजीबाईंना विकायचेच नव्हते, मग त्यांचा भाव कोणत्या बाजारात शोधायचा?

माझे आजोळ धरणात गेले, तेव्हा मोजणीला आलेल्या कारकुनाने भिंती, तुळया, दारे, परसातले फणस असे सगळे लिहून घेतले. आई सांगायची, आजी त्याच्या मागे मागे फिरत विचारीत होती, "आणि ओटा? ओटा लिहिलास का रे?" संध्याकाळी सारी आळी त्या ओट्यावर जमायची. तो काही कागदावर चढला नाही.

केलोबाईंच्या घराची किंमत २००० साली १ लाख २३ हजार डॉलर ठरली होती. खटला हरल्यावर २००६ च्या तडजोडीत त्यांच्या हाती आले ४ लाख ४२ हजार! देशभर बोभाटा झाला म्हणून. निमूटपणे सही करून गेलेल्या शेजाऱ्यांना हा भाव कोण देणार? भांडायला दम लागतो, आणि तो सगळ्यांजवळ कुठून असायचा?

त्या निकालानंतर बऱ्याच राज्यांनी कायदे बदलले. मिशिगनने राहत्या घराला बाजारभावाच्या सव्वापट मोबदला ठरवला. मिसूरीने तर पन्नास वर्षे वा अधिक काळ एकाच कुटुंबात असलेल्या मिळकतीला 'वारसामूल्य' म्हणून निम्मी रक्कम वर द्यायचे ठरवले. ओट्याची आठवण तिकडे कुणाला तरी झाली म्हणायची! आपल्याकडे १८९४ च्या कायद्यात बाजारभावावर १५ टक्के दिलासा रक्कम होती. १९८४ मध्ये ती ३० टक्के झाली आणि २०१३ च्या कायद्याने १०० टक्के. आजीच्या वेळी १५ चा जमाना होता.

बोलत बोलत आम्ही किल्ल्यामागे पोचलो. रस्ते होते, घरे नव्हती. जिकडेतिकडे गवत माजलेले. ठरलेले हॉटेल उठलेच नव्हते. फायझरने २००९ सालीच न्यू लंडन सोडायचे जाहीर केले होते. गुलाबी घर तेवढे २००८ मध्ये सुटे करून गावात दुसरीकडे नेऊन उभारले होते.

भाच्याने फोन काढला, डावीउजवीकडे फिरवला, आणि खाली घेतला.

"मामा, फोटोत घेऊ काय?"