चतकोर

वजन करण्याचे यंत्र पूर्वी आगगाडीच्या स्थानकावर असे आणि त्यावर उभे राहणे हा एक करमणुकीचा प्रकार होता. नाणे टाकले की रंगीत दिवे लुकलुकत, आत काहीतरी फिरल्याचा आवाज होई आणि जाड कागदाचे एक लहानसे तिकीट बाहेर पडे. त्याच्या एका बाजूस वजन व दुसऱ्या बाजूस भविष्य छापलेले असे. आम्ही मुले भविष्य तेवढे वाचीत असू. वजनाकडे लक्ष देण्याचे कोणास कारणच नव्हते. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी पनवेलच्या एका दवाखान्यात मी पुन्हा तशाच यंत्रावर उभा राहिलो, तेव्हा माझ्या ध्यानात आले की आता तिकिटाच्या दोन्ही बाजूंस एकच मजकूर असतो. वजन ८२ किलो, आणि तेच भविष्य.

डॉक्टर माझेच जुने विद्यार्थी. अकरावीत ते मजकडे इंग्रजी शिकले होते. रक्ताचे अहवाल त्यांनी दोनदा वाचले, उंची मोजली, काही भागाकार केला. मीटरमधील उंचीच्या वर्गाने वजनास भागून जो आकडा येतो, तो आपल्या लोकांत २३ च्या आत असावा व २५ च्या पुढे गेल्यास त्यास स्थूलपणा म्हणावे, असे हल्ली मानतात. माझा आकडा २९ निघाला. मी सविस्तर निरूपणाच्या अपेक्षेने सावरून बसलो, पण ते एवढेच म्हणाले, "सर, कमी खा." लेखनात संक्षेप असावा, हे मी त्यांस वर्षभर कानीकपाळी ओरडून सांगितले होते. ते शिक्षण असे माझ्यावरच उलटेल, याची मला कल्पना नव्हती.

कमी खाणे अवघड जाते ते जिभेमुळे, अशी माझी तोपर्यंत समजूत होती. ती चुकीची होती असे नाही. परंतु जीभ हा फार दुबळा शत्रू आहे. चार दिवस तिची आबाळ केली की ती मुकाट्याने वठणीवर येते. खरा बलाढ्य शत्रू बाहेर असतो, हाती वाढण्याचे भांडे घेऊन उभा असतो आणि तो आपल्यावर निरतिशय प्रेम करीत असतो.

माझ्या लहानपणच्या पंगती मला आठवतात. मठ्ठ्याची फेरी होऊन गेली की जिलब्यांची परात घेऊन यजमान स्वतः येत. जेवणारा दोन्ही हात पानावर आडवे धरी. "नको, खरेच नको," असे म्हणणाऱ्याचे पहिले दोन नकार हे शिष्टाचाराचे समजावयाचे आणि तिसऱ्याकडे लक्षच द्यावयाचे नाही, असा अलिखित नियम होता. वाढणारा इतका तरबेज असे की, बोटांच्या फटीतून नेमकी जिलबी पानात सोडी आणि साऱ्या पंगतीत हशा पिके. त्यात जेवणाऱ्याच्या पोटाचा विचार कोणी करीत नसे. विचार असे तो यजमानाच्या मनाचा. 'नको' म्हणणे म्हणजे त्या मनाचा अपमान. आमची भाषाही त्याच पंगतीत बसलेली आहे. सुस्थितीतल्या घराला आपण खातेपिते घर म्हणतो, लग्नानंतर जाड झालेल्या मुलीचे 'अंगाने भरली हो' असे कौतुक करतो आणि दूर राहणारा मुलगा दूरध्वनीवर बोलू लागला की आई पहिल्याने विचारते ते "जेवलास का?" हेच. हल्ली कार्यालयातून उभ्याने जेवण्याची पद्धत पडली आहे. तीत आग्रह करणारा कोणी नाही. पण माझा अनुभव असा की, तेथे मनुष्य स्वतःच स्वतःला आग्रह करतो, आणि तो अधिक चिवट असतो.

ॲडिसनने १७११ साली 'स्पेक्टेटर'मध्ये मिताहारावर एक निबंध लिहिला. तो मी वर्गात अनेक वर्षे शिकविला आणि तास संपल्यावर उपाहारगृहात जाऊन निःशंकपणे बटाटेवडेही खाल्ले. त्या निबंधात लुइजी कोर्नारो नावाच्या व्हेनिसच्या एका सरदाराचा उल्लेख आहे. तारुण्यातल्या खाण्यापिण्याने या गृहस्थाची प्रकृती चाळिशीच्या सुमारास पार बिघडली. तेव्हा त्याने दिवसाकाठी बारा औंस अन्न आणि चौदा औंस द्राक्षासव, एवढेच घेण्याचा नेम केला आणि तो बरा झाला. १५५८ साली त्याने आपल्या अनुभवावर पुस्तक लिहिले. त्याच्या जन्मसालाविषयी विद्वानांत वाद आहे. तेव्हा त्याने शंभरी गाठली की नाही, ही गोष्ट आपण सोडून देऊ. दवाखान्यातून परत आल्यावर मी ते पुस्तक पुन्हा काढले, तेव्हा पूर्वी कधी लक्षात न आलेला एक भाग डोळ्यांत भरला. कोर्नारो सत्तरीच्या पुढे गेला तेव्हा घरच्या माणसांनी आणि इष्टमित्रांनी त्याला गळ घातली की, आता म्हातारपणी एवढ्याशा अन्नावर कसे भागेल? थोडे तरी वाढव. हो-ना करता करता त्याने बाराचे चौदा औंस केले. दोन औंस म्हणजे आपली जेमतेम चतकोर भाकरी. थोड्याच दिवसांत तो उदास व चिडखोर झाला आणि मग तापाने अंथरुणास खिळला. पुन्हा बारा औंसांवर आला तेव्हा कोठे त्याची सुटका झाली. व्हेनिस आणि पनवेल यांच्यामधील अंतर मला त्या दिवशी फारच थोडे वाटले.

आमच्या गावाला या विषयात काही बोलण्याचा अधिकारही आहे. धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना १८७२ साली येथेच निघाला आणि चरक-वाग्भटांची नावे पनवेलकरांच्या कानांवरून पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत. वाग्भटाने पोटाचे चार भाग कल्पिले. दोन अन्नासाठी, एक पाण्यासाठी, आणि चौथा वाऱ्यासाठी मोकळा ठेवावयाचा. हा रिकामा चतकोर मला फार आवडला. पूर्वी भूक भागली म्हणजे जेवण संपले असे मी मानीत नसे. पान संपले म्हणजे संपले असे मानी.

२०१८ च्या सुमारास तर महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत जेवण्याच्या वेळांवरून दोन पक्षच पडले होते. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेऊन सांगितले की, खरी भूक लागेल त्या दोन वेळी जेवावे, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटपावे, मध्ये काही खाऊ नये, आणि रोज चालावे. दुसऱ्या बाजूस मुंबईच्या ऋजुता दिवेकर थोडे थोडे, पण वेळच्या वेळी खा, आजीच्या हातचे खा, तुपाला भिऊ नका, असे सांगत होत्या. आमच्या प्राध्यापककक्षात या विषयावर जेवढा कडाक्याचा वाद झाला, तेवढा शेक्सपिअरवर कधी झाला नाही. दीक्षितपंथी एक सहकारी घड्याळ मेजावर ठेवून जेवीत आणि चोपन्नाव्या मिनिटास घाईघाईने लाडू संपवीत. माझ्यापुरते सांगावयाचे तर, डॉक्टरांच्या सल्ल्याने मी दोन वेळांचा नेम धरला, वडाळे तलावाभोवती सकाळी फेऱ्या घालू लागलो, आणि आठ महिन्यांत सात किलो उतरलो. यात इन्सुलिनची किमया किती आणि चार वाजताचा वडा बंद झाल्याची किती, याचा निवाडा करण्यास मी असमर्थ आहे.

आयुष्य वाढते की नाही, हा प्रश्न निराळा. अमेरिकेत मॅके या शास्त्रज्ञाने १९३५ साली दाखविले की, उंदरांना पोषण पुरे पण अन्न कमी दिले तर ते अधिक जगतात. माकडांवर दोन ठिकाणी वर्षानुवर्षे प्रयोग चालले. एका ठिकाणचा निष्कर्ष २००९ मध्ये अनुकूल आला, दुसऱ्याचा २०१२ मध्ये आला तो आयुर्मान वाढल्याचे दिसत नाही असा. माणसांवरील प्रयोगात २१८ जणांपैकी बहुतेकांना दोन वर्षे आहार पंचवीस टक्क्यांनी कमी करावयास सांगितले होते. तज्ज्ञांची फौज दिमतीस असूनही त्यांची मजल सरासरीने बारा टक्क्यांच्या आसपासच गेली. त्यांच्या घरी वाढणारे कोण होते, याची नोंद मला कोठे दिसली नाही.

परंतु या सर्वांहून मला खिळवून ठेवले ते पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाने. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आपले स्वतःचे व इंग्लंडमधील जॉन यडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. वर सांगितलेला उंची-वजनाचा आकडा दोघांचाही तोच, २२.३. मात्र यडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२. बाहेरून सडसडीत, आतून मेदस्वी, असा आपला देह आहे. तो तसा का झाला याचा शोध घेण्यासाठी १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांची गर्भारपणाच्या आधीपासून पाहणी केली. तेथील अर्भकांचे जन्मतः सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील अर्भकांचे ३.५. पण या किडकिडीत बाळांच्या अंगी स्नायू कमी असले तरी चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. आईच्या पोटात जे कमी पडते त्याची आठवण मुलाचे शरीर ठेवते, आणि पुढे सुबत्ता आली की तेच शरीर मधुमेहाच्या वाटेला लागते, असा त्याचा मथितार्थ.

हे वाचले त्या रात्री मी आईला विचारले, "आई, माझ्या वेळी तू काय जेवायचीस ग?"

ती आज ब्याऐंशी वर्षांची आहे. माझा जन्म १९७० च्या पावसाळ्यातला. घरात अकरा माणसे, रेशनचा तांदूळ, कधी तांबडा मिलो. ती हसून म्हणाली, "काय जेवणार? सगळ्यांचं झालं की जे उरेल ते. तव्यावरची शेवटची भाकरी कधी असायची, कधी चतकोर. मग ताक प्यायचं." हे तिने तक्रार म्हणून सांगितले नाही, त्या वेळचा शिरस्ता सांगितला. मी मात्र बराच वेळ गप्प होतो. आमच्या घरात मिताहार पूर्वीही होता, पण तो करण्याचा मान एकाच व्यक्तीला होता आणि तिला कोणी विचारले नव्हते. पंगतीतल्या त्या आग्रहाच्या वेळी आई कोठे होती, हे आठवून पाहिले तर ती चुलीजवळ होती. माझ्या पोटाचा घेर हा तिच्या रिकाम्या ताटाचा हिशेब असेल, असे छातीठोकपणे सांगण्याइतके शास्त्र मला कळत नाही. पण तेव्हापासून कमी खाण्याची प्रौढी मला मिरवता येत नाही. आमच्याच तालुक्यातल्या डोंगरकडेच्या कातकरी वाड्यांवर जाऊन कोणी हा उपदेश केला, तर तो क्रूर थट्टा ठरेल, हेही तेव्हाच नीट उमजले.

आता गोष्ट अशी आहे की, गेल्या काही महिन्यांपासून आईचे जेवण उतरत चालले आहे. आजार काही नाही. तपासण्या झाल्या. "भूक नाही रे" एवढेच ती म्हणते. त्याच डॉक्टरांनी तिला त्याच यंत्रावर उभे केले. वजन ३९ किलो. मला म्हणाले, "आजींना जास्त खायला घाला. वरण, दूध, अंडे चालत असेल तर अंडे. या वयात वजन उतरते ते स्नायूंचे उतरते. मग पाय लटपटतात, माणूस पडते." एकाच घरात, एकाच स्वयंपाकात, दोन परस्परविरुद्ध आज्ञा. सौ. भाकऱ्या करिते त्या मोजून. माझ्यासाठी दीड, आईसाठी एक. आई त्या एकीतला चतकोर ठेवून उरलेली माझ्या ताटात सारते, सौ.ची पाठ वळली की!

पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबांचे जन्मगाव आमच्यापासून फार दूर नाही. १९८२ च्या नोव्हेंबरात त्यांनी पवनारला अन्न, पाणी आणि औषध सोडले, आणि १५ तारखेस देह ठेवला. मी तेव्हा शाळेत होतो. रेडिओवर ती बातमी लागली असता आईने हात जोडले आणि ती म्हणाली, "असं मरण यावं." चाळीस वर्षे ते वाक्य मला आठवले नव्हते. हल्ली तिने ताट बाजूस सरकविले की ते आठवते आणि मी तिच्या चेहऱ्याकडे पाहू लागतो.

परवा रात्री मी धीर करून तिच्या शेजारी पाट मांडला. तिने नेहमीप्रमाणे भाकरी मोडली. मी म्हटले, "आई, आज ही माझ्या ताटात यायची नाही."

"अरे, मला नको आहे."

"अर्धी तरी खा."

"तुला डॉक्टराने सांगितलंय ना, पोटाचा चतकोर रिकामा ठेवावा म्हणून? मग मला का नाही?"

"ते माझ्यासाठी. तुझा चतकोर फार वर्षांपूर्वीच ठेवून झाला आहे."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग मी भाकरीचा तुकडा उचलला तशी तिने चटकन दोन्ही हात ताटावर आडवे धरले, थेट पंगतीतल्या पाहुण्यासारखे. तिची बोटे आता इतकी बारीक झाली आहेत की, त्यांच्या फटींतून जिलबीच काय, लाडूही जाईल. मी तुकडा सोडला. सौ. मागे उभी होती. तिने त्यावर दूध वाढले.

"आग्रह करायला शिकलास हो," आई म्हणाली, आणि तो तुकडा दुधात कुसकरू लागली.